ब्रेन मॅप हिरवा झाला, म्हणजे थेरपी लागू पडली का?

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलगा साडेचार वर्षांचा आहे. तिसऱ्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) आणि स्पीच थेरपी तेव्हापासून सुरू आहे. गेल्या सहा महिन्यांत एका सेंटरमध्ये वेगळा प्रोग्रॅम घेतला. त्यात डोक्याला तारा लावून पडद्यावरचा खेळ खेळवतात. सुरुवातीला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, काढून रंगीत 'ब्रेन मॅप' दिला होता, आता दुसरा दिला आहे. पहिल्यात जे लाल होतं ते दुसऱ्यात बरंचसं हिरवं झालंय. सेंटर म्हणतं, उपचार लागू पडतोय, पुढच्या सहा महिन्यांचे पैसे भरा. मला घरी तेवढा फरक दिसत नाही. मशीनवर विश्वास ठेवू की माझ्या डोळ्यांवर?

ताई, सरळ उत्तर आधी देते. त्या दोन नकाशांवरून तुमच्या मुलाला उपचार लागू पडला की नाही हे मला सांगता येणार नाही. सेंटरलाही येणार नाही. एकेका मुलासाठी हे सांगू शकेल अशी मेंदूच्या लहरींची तपासणी आज जगात कुठेच नाही. तुमच्या डोळ्यांना जे दिसतं ते जास्त भरवशाचं आहे, फक्त त्या पाहण्याला थोडी शिस्त लावावी लागेल. ती कशी लावायची तेही सांगते.

पण मी ईईजीच्या विरोधात बोलते आहे असं समजू नका. गेली बावीस वर्षं मी लहान मुलांचे ईईजी वाचते आहे. या तपासणीने मुलांची भाषा वाचवलेली मी पाहिली आहे. म्हणून तिच्याकडून नको ते वदवून घेतलेलं पाहिलं की मला वाईट वाटतं.

आधी हे बघा की ईईजी काढताना प्रत्यक्षात काय होतं. टेक्निशियन टेप घेऊन नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत माप घेतो, खुणा करतो, आणि पेस्ट लावून वीस-एकवीस ठिकाणी छोट्या चकत्या चिकटवतो. चकतीला जी वीज मिळते ती मुलाच्या डोक्यावर साधारण ५० मायक्रोव्होल्टच्या आसपास असते. घड्याळातला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो, त्याचा हा तीस हजारावा भाग. एवढा बारीक संकेत कवटी आणि कातडी ओलांडून येतो आणि वाटेत जे जे भेटेल ते सोबत घेऊन येतो. पापणी मिटली तर कपाळावरच्या तारांत मोठी लाट उठते. घाम आला तर रेषा सावकाश वर-खाली तरंगते. आदल्या रात्री आजीने प्रेमाने डोक्यावर खोबरेल थापलं असेल तर चकती नीट बसत नाही आणि खोलीतल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आत शिरते. आणि दात आवळले तर काय होतं ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या लाल रंगाचा उगम कदाचित तिथेच असेल.

कानशिलावर बोटं ठेवून दात आवळून बघा. बोटांखाली स्नायू टणक होतो. त्याच्या बरोबर वर ईईजीच्या चकत्या असतात. स्नायूची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी जोरदार असते आणि ती नेमकी जलद लहरींच्या पट्ट्यात, म्हणजे बीटा आणि गॅमामध्ये, मिसळते. आता डोळ्यांसमोर आणा: चार वर्षांचं मूल, अनोळखी खोली, डोक्याला गार चिकट लगदा, बाबांनी दोन्ही हात धरलेत, आईचा आवाज कापरा झालाय. ते मूल अर्धा तास दात-ओठ आवळून बसतं. संगणक त्या आवळण्याचा हिशोब करतो आणि दोन्ही कानशिलांवर 'बीटा जास्त' म्हणून लाल रंग भरतो. सहा महिन्यांनी तेच मूल त्याच खोलीत येतं. आता त्याला ताई-दादा ओळखीचे आहेत, खुर्ची ओळखीची आहे, तारा तर आठवड्यातून तीनदा लागतात. ते शांत बसतं. लाल जातं, हिरवं येतं. बदल खरा आहे, मूल त्या खोलीत रुळलं याचा मला आनंदच आहे. पण तो ऑटिझमवरच्या उपचाराचा परिणाम म्हणून पावतीवर लिहिता येत नाही.

मूल पेंगत असेल तर थीटा नावाच्या संथ लहरी वाढतात. सर्दीमुळे नीट झोप झाली नसेल तर पेंग येणारच. मधल्या काळात क्लोबॅझमसारखं फिटचं औषध सुरू झालं असेल तर बीटा वाढते. झोपेसाठी ट्रायक्लोफॉसचं सरबत देऊन काढलेला आलेख आणि जागेपणी काढलेला आलेख तर शेजारी ठेवूच नयेत. म्हणून दोन ईईजींची तुलना करायची असेल तर माझा पहिला प्रश्न रंगांबद्दल नसतो. मी विचारते: दोन्ही वेळा किती वाजले होते, मूल जागं होतं का, डोळे उघडे होते का, समोर काय लावलं होतं, औषधं कोणती होती, आणि गोंधळ काढून टाकल्यावर हातात स्वच्छ असा किती मिनिटांचा आलेख उरला? तुमच्या अहवालात यातलं काहीही लिहिलेलं नाही. नकाशे आहेत, पण ज्या लहरींवरून ते काढले त्यांचं एकही पान नाही.

हे झालं मोजमापाचं. मूल वाढतं, हा त्याहून मोठा मुद्दा.

डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या भागात एक ठळक लय दिसते. तीन-चार महिन्यांच्या बाळात ती सेकंदाला तीन-चार ठोक्यांची असते, वर्षाच्या बाळात पाच-सहा, तिसऱ्या वर्षाच्या आसपास आठ, आणि दहाव्या वर्षापर्यंत दहाच्या घरात जाते. संथ लहरी कमी होत जातात, जलद लहरींचा वाटा वाढतो. हे कुठलाही उपचार न घेता होतं. ऑटिझम असलेल्या मुलांचा मेंदूही वाढतच असतो. साडेचार वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात सहा महिने म्हणजे नववा हिस्सा झाला. त्या काळात आलेख बदलला नाही तरच मला काळजी वाटेल. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही एका जोडप्यापुढे दोन आलेख ठेवून 'बघा, लय किती सुधारली' असं म्हटलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून आठवतो. मूल वर्षभराने मोठं झालं होतं, एवढाच त्या सुधारणेचा अर्थ होता. तेव्हापासून मी ते वाक्य उच्चारलेलं नाही.

रंग कसे भरतात तेही ऐका. १९ चकत्या, प्रत्येकीवर लहरींचे पाच पट्टे, म्हणजे ९५ आकडे झाले. प्रत्येक आकडा 'सामान्य' मुलांच्या साठ्याशी ताडून पाहतात आणि सरासरीपासून ठरावीक अंतराबाहेर गेला की लाल करतात. नेहमीचं अंतर धरलं तर अगदी ठणठणीत मुलाचेही त्या ९५ पैकी चार-पाच आकडे नुसत्या योगायोगाने बाहेर पडतील. आणि जे मोजमाप एकदा टोकाला गेलेलं असतं ते दुसऱ्यांदा घेतलं की बहुधा मधल्या बाजूला सरकतं. मुलाचा ताप असो, परीक्षेचे मार्क असोत की ईईजीचा आकडा, हा नियम सगळीकडे लागू आहे. लाल जागा निवडून त्याच जागा पुन्हा मोजल्या तर काही न करताही बऱ्याच हिरव्या होतात.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पडद्यावरचा जो खेळ तुमचा मुलगा खेळतो त्यात ठरावीक लहर वाढली की गाडी पुढे जाते, म्हणजे त्या लहरीलाच बक्षीस मिळतं. सहा महिने तिचाच सराव केल्यावर परीक्षाही तिचीच घेतली, तर गुण वाढणारच. पण आपल्याला काय हवं होतं? त्याने हाक मारल्यावर वळावं, पाणी मागावं, दुसऱ्या मुलाच्या हातातला चेंडू बघून जवळ जावं. त्या परीक्षेत हे विषय नव्हतेच. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर अशा खेळाचा, म्हणजे न्यूरोफीडबॅकचा, उपयोग होतो याला भक्कम पुरावा नाही.

मग संशोधक ईईजीच्या मागे का लागले आहेत, असं तुम्ही विचाराल. त्याला फार प्रामाणिक कारण आहे. ऑटिझममध्ये सुधारणा मोजणं अवघड आहे, कारण बहुतेक मोजमाप पालकांना विचारून होतं आणि पालकांची आशा त्या उत्तरात मिसळते. १९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत सीक्रेटिन नावाच्या पचनसंस्थेच्या संप्रेरकाची मोठी लाट आली होती. एका इंजेक्शनने मुलं बोलू लागली अशा बातम्या होत्या. १९९९ साली ६० मुलांवर नीट चाचणी झाली: अर्ध्यांना सीक्रेटिन, अर्ध्यांना मिठाचं पाणी, आणि कुणाला काय दिलं ते कुणालाच ठाऊक नाही. दोन्ही गटांत सुधारणा दिसली, पण एका गटात दुसऱ्यापेक्षा जास्त अशी नव्हती. निकाल सांगितल्यावरही दोन तृतीयांशांहून जास्त पालकांना सीक्रेटिनमध्ये रस होताच. २००९ साली सिटॅलोप्रॅम या औषधाची १४९ मुलांवर चाचणी झाली. औषध घेतलेल्यांपैकी सुमारे ३३ टक्के सुधारले, औषध नसलेली नुसती गोळी घेतलेल्यांपैकी सुमारे ३४ टक्के. मी त्या पालकांना नावं ठेवत नाही. पोटच्या मुलाकडे कोरड्या नजरेने कोण बघू शकेल? पण त्यामुळेच ज्याला आशा चिकटत नाही असं मोजमाप हवं होतं, आणि मेंदूच्या लहरी तसं मोजमाप ठरतील असं वाटलं.

या दिशेने झालेल्या कामांपैकी मला सर्वांत मोलाचं वाटतं ते सिॲटलमधलं. वॉशिंग्टन विद्यापीठात जेराल्डिन डॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ ते ३० महिन्यांच्या ४८ मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला दोन वर्षं 'अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेल' पद्धतीची थेरपी दिली. ही पद्धत खेळातून, मुलाच्या आवडीच्या मागे जात शिकवते, आणि आईबाबाही ती शिकून घरी वापरतात. दुसऱ्या गटाने गावात मिळतील त्या नेहमीच्या सेवा घेतल्या. २०१० साली बुद्ध्यांक, भाषा आणि रोजच्या वागणुकीचे निकाल आले, ते पहिल्या गटाच्या बाजूने होते. २०१२ साली ईईजीचा भाग प्रसिद्ध झाला. मुलांना माणसांचे चेहरे आणि खेळणी यांची चित्रं दाखवून मेंदूचा प्रतिसाद नोंदवला होता. नेहमीप्रमाणे वाढणाऱ्या बहुतेक मुलांचा मेंदू चेहऱ्याला खेळण्यापेक्षा लवकर प्रतिसाद देतो. डेन्व्हर गटातल्या बहुतेकांचाही तसाच निघाला. नेहमीच्या सेवा घेतलेल्या गटात उलट दिसलं, त्यांच्यापैकी बहुतेकांचा मेंदू खेळण्याला आधी प्रतिसाद देत होता. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचलं होतं. माणसाने मुलाशी जमिनीवर बसून खेळण्याची खूण मेंदूच्या विजेत सापडू शकते, ही माझ्यासाठी फार मोठी गोष्ट होती.

आता त्याच अभ्यासाच्या मर्यादा बघा, म्हणजे तुमच्या नकाशांशी तुलना करता येईल. कामाचे ठरतील असे आलेख दोन्ही गटांत मिळून तीसच्या आसपास मुलांचेच मिळाले. थेरपी सुरू होण्याआधी ईईजी काढलेला नव्हता, त्यामुळे दोन गट सुरुवातीला सारखे होते हे चिठ्ठ्यांच्या भरवशावर मानावं लागतं. निकाल गटाचा आहे, आणि गटातली काही मुलं उलट्या बाजूलाही होती. त्यातल्या कुठल्याही एका आईला 'तुमच्या मुलाचा ईईजी सांगतो की थेरपी लागू पडली' असं कुणी सांगितलं नाही, सांगणं शक्यही नव्हतं. एका चेहऱ्याला मेंदूने दिलेला प्रतिसाद इतका बारीक असतो की बाकीच्या लहरींत तो दिसतच नाही. तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवून सगळ्यांची सरासरी काढावी लागते, तेव्हा कुठे तो वर येतो. छोटं मूल तेवढ्या वेळा पडद्याकडे बघेल याची खात्री नसते. जे बघत नाही त्याचा आलेख गळतो, आणि बहुधा ज्या मुलांना सर्वांत जास्त मदत हवी असते तीच गळतात.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवते. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात ऑटिझम असलेल्या २५ मुलांना त्यांच्याच नाळेतलं साठवलेलं रक्त देण्यात आलं. सगळ्यांना दिलं, तुलनेला दुसरा गट नव्हता, कारण सुरक्षितता पाहणं हा पहिला हेतू होता. वर्षभराने ईईजीत अल्फा आणि बीटा या तुलनेने जलद लहरी वाढलेल्या, थीटा कमी झालेली दिसली. मघाशी मी वाढत्या वयाबद्दल जे सांगितलं ते आठवा: संथ लहरी कमी, जलद लहरी जास्त. दिशा तीच आहे. मग १८० मुलांवर नीट तुलना करणारी चाचणी झाली, काहींना नाळेचं रक्त आणि काहींना नुसतं औषधाविना द्रावण. २०२० साली निकाल आला. सामाजिक वागणुकीच्या ज्या मुख्य मापावर चाचणी उभी होती, त्यावर दोन गटांत फरक निघाला नाही. ज्या संशोधकांनी पहिलं उत्साहाचं चित्र मांडलं होतं त्यांनीच हा निकालही छापला, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. आपल्याकडे मात्र आजही पालकांना 'आधीचा स्कॅन, नंतरचा स्कॅन' दाखवून स्टेम सेलकडे, म्हणजे नाळेच्या रक्तातही असणाऱ्या मूळपेशींच्या उपचाराकडे, वळवतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ऑटिझमसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, तो चाचणीबाहेर पैसे घेऊन देणं योग्य नाही. हे माहीत असू द्या, कारण पुढचा सल्ला तुम्हाला कदाचित तोच मिळेल.

या दोन कामांत आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती सहसा कुणी पालकांना सांगत नाही. सिॲटलमध्ये चेहरे बघताना अल्फा कमी आणि थीटा जास्त होणं हे चांगलं लक्षण मानलं, कारण काहीतरी लक्ष देऊन बघताना मेंदू तसा वागतो. ड्यूकमध्ये अल्फा वाढणं आणि थीटा घटणं ही चांगली दिशा धरली. दोन्ही बरोबर असू शकतात, कारण प्रश्न वेगळे आहेत. पण यावरून एक कळतं: 'अल्फा वाढली म्हणजे सुधारणा' असा सरसकट नियम नाही. ज्या अहवालात तसा नियम छापलेला असतो तो मी बाजूला ठेवते.

सध्याचं सर्वांत शिस्तबद्ध काम अमेरिकेतल्या पाच संस्थांनी मिळून केलं आहे, येल विद्यापीठाच्या पुढाकाराने. ६ ते ११ वयाच्या सुमारे ४०० मुलांचे, त्यात २८० ऑटिझम असलेली, सगळीकडे अगदी एकाच पद्धतीने ईईजी काढले. चेहरा दिसल्यावर सेकंदाच्या साधारण सहाव्या हिश्श्यात मेंदूत एक लाट उठते, तिला एन-१७० म्हणतात. ऑटिझम असलेल्या गटात ती सरासरीने थोडी उशिरा येते. २०१९ साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या मोजमापाला आपल्या पात्रता-प्रक्रियेत प्रवेश दिला. प्रवेश म्हणजे शिक्कामोर्तब नव्हे. आणि तो कशासाठी दिला ते महत्त्वाचं आहे: औषधांच्या चाचण्यांत सारख्या मुलांचे उपगट करता यावेत यासाठी. निदानासाठी नाही आणि एका मुलाची प्रगती सांगण्यासाठीही नाही. दोन्ही गटांचे आकडे एकमेकांवर इतके पसरलेले आहेत की एका मुलाचा आकडा हातात देऊन 'सांगा, हा कुठल्या गटातला' असं विचारलं तर मी सांगू शकणार नाही.

मग ईईजी तुमच्या मुलाला कधी उपयोगी पडेल? हे अगदी नीट वाचा. ऑटिझम असलेल्या मुलांत फिट येण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा बरंच जास्त असतं. मूल मधेच थबकतं, नजर लागते, हात लावूनही भानावर येत नाही. झोपेत अंग झटकतं. किंवा आलेलं बोलणं जातं, तर ईईजी हवाच आणि तो झोपेतलाही हवा. लहान वयात, दीड-दोन वर्षांच्या सुमारास, काही शब्द येऊन जाणं ऑटिझममध्ये दिसतं. पण तीन वर्षांनंतर नीट वाक्यं बोलणारं मूल गप्प होऊ लागलं तर थांबू नका. माझ्याकडे पाच वर्षांची एक मुलगी आली होती. ती गोष्टी सांगायची, गाणी म्हणायची. चार महिन्यांत हाकेलाही ओ देईना. कुणी कान तपासले, कुणी उशिरा कळलेला ऑटिझम म्हटलं. जागेपणीचा ईईजी जवळजवळ ठीक होता. झोप लागली आणि पाचव्या मिनिटाला पडदा टोकदार लाटांनी भरून गेला, ओळीमागून ओळ, खंड नाही. लँडाउ आणि क्लेफ्नर यांनी १९५७ साली वर्णन केलेला तो आजार होता. उपचार सुरू झाल्यावर काही महिन्यांनी तिने भावाला नावाने हाक मारली, तो दिवस त्या घरात सणासारखा गेला. तिथे ईईजीवरून उपचाराचा परिणाम पाहणं योग्य होतं, कारण त्या लाटा हाच आजाराचा भाग होता आणि आम्ही आलेखाबरोबर तिचे शब्दही मोजत होतो. याउलट फिट नाही, बोलणं गेलेलं नाही, आणि आलेखात कुठेतरी चार टोकं दिसली म्हणून ऑटिझम सुधारेल या आशेने फिटचं औषध सुरू करायला भक्कम आधार नाही.

आता तुमच्या डोळ्यांबद्दल. गोव्यातल्या संगात या संस्थेने आणि रावळपिंडीतल्या सहकाऱ्यांनी मिळून ६५ मुलांवर एक चाचणी केली, २०१६ साली तिचे निकाल प्रसिद्ध झाले. थेरपी देणारे मोठे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. ते आईबाबांना मुलाबरोबर खेळतानाचा त्यांचाच व्हिडिओ दाखवत आणि मूल काय सुचवतंय, आपण केव्हा थांबायचं, हे एकत्र बघत. परिणाम मोजायला त्यांनीही व्हिडिओच वापरले. ते पाहून गुण देणाऱ्यांना कुठलं मूल कुठल्या गटातलं हे माहीत नव्हतं. पालक मुलाच्या कलाने घेऊ लागले आणि मुलं स्वतःहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. एकाही मुलाच्या डोक्याला तार लावावी लागली नाही.

हीच पद्धत तुम्ही घरी वापरा. तीनच गोष्टी निवडा, ज्या तुमच्या घराला खरोखर हव्या आहेत. समजा, नावाने हाक मारल्यावर वळणं. खायला-प्यायला स्वतःहून मागणं, मग ते शब्दाने असो, बोटाने असो की चित्राच्या कार्डाने. आणि रात्री झोप लागायला लागणारा वेळ. आठवड्यातून तीन ठरलेले दिवस घ्या. त्या दिवशी दिवसभरात दहा वेळा हाक मारा, वेगवेगळ्या वेळी, दर वेळी एकदाच आणि हातात खाऊ न धरता. किती वेळा वळला ते कॅलेंडरवरच लिहा. नाश्त्याची पंधरा मिनिटं ठरवून घ्या आणि तुम्ही न सुचवता किती वेळा मागितलं तेवढंच मोजा. रोज सगळं लिहायला जाऊ नका, पंधरा दिवसांत थकाल आणि वही बंद पडेल.

शिवाय महिन्यातून एकदा पाच मिनिटांचा व्हिडिओ घ्या. तीच चटई, तीच खेळणी, तीच वेळ, खेळणारं माणूसही तेच. सहा महिन्यांचे सहा व्हिडिओ झाले की क्रम विस्कटून मुलाच्या आत्याला किंवा मावशीला दाखवा, जी रोज घरात नसते. कुठला आधीचा, कुठला नंतरचा, हे तिला सांगू नका. तिलाच विचारा, तुला कुठल्या व्हिडिओत तो जास्त जवळ येताना दिसतो? तिने नंतरचे व्हिडिओ उचलले तर सुधारणा आशेची नाही, डोळ्यांना दिसणारी आहे. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा. ओटी वाढवली, शाळा बदलली आणि नवं औषधही सुरू झालं, सगळं एकाच महिन्यात, तर वहीसुद्धा काही सांगू शकणार नाही. तुमच्या मुलाचं आयएसएए, म्हणजे ऑटिझम मोजण्याचं भारतीय मापन, झालं असेलच, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी लागतं ते. त्यात ४० मुद्दे आहेत आणि तीव्रता ठरवायला ते ठीक आहे, पण सहा महिन्यांतली बारीक प्रगती पकडण्यासाठी ते बनवलेलं नाही. त्याचा आकडा हलला नाही म्हणून खचू नका.

सेंटरला पैसे देण्याआधी चार गोष्टी मागा. दोन्ही ईईजींची मूळ फाइल, नुसते रंगीत नकाशे नाहीत. ती तुमच्या मुलाची आहे आणि मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दोन्ही वेळा मूल कोणत्या अवस्थेत होतं याची नोंद. तुलनेसाठी वापरलेल्या साठ्यातली मुलं किती वयाची आणि कुठली, हे. आणि हा प्रश्न: दुसरा नकाशा लालच राहिला असता तर तुम्ही आम्हाला थांबायला सांगितलं असतं का? याचं उत्तर 'नाही, मग अजून सेशन लागतील' असं आलं, तर नकाशा काहीही म्हणाला तरी सल्ला एकच होता हे तुमच्या लक्षात येईल.

खर्चाचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला अंदाज आहे. त्या पैशातून स्पीचचे जे सेशन वाढवता येतील, किंवा संध्याकाळी तुम्हाला तासभर मोकळा देणारी मदतनीस ठेवता येईल, त्याचा हिशोब आधी करा. तुमची झोप होणं हाही तुमच्या मुलाच्या उपचाराचा भाग आहे, आणि तो कुठल्याच नकाशात येत नाही.

मधल्या काळात थबकणं, झोपेत झटका किंवा शब्द जाणं यातलं काहीही दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि जवळच्या बाल-न्यूरोलॉजिस्टकडे लगेच जा. तेव्हा ईईजी काढायचा असेल तर आदल्या रात्री डोकं धुऊन ठेवा, तेल लावू नका. त्याची आवडती चादर सोबत घ्या आणि झोपेतला आलेखही हवा असं आधीच सांगून वेळ घ्या.

अजून एक. घरी तेवढा फरक दिसत नाही असं तुम्ही लिहिलंत. 'तेवढा' दिसत नाही म्हणजे थोडा दिसतोय, असं मी धरते. तो थोडा कोणता, ते आज रात्रीच वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवा.